पासष्टीचं पत्र, पोटाची सोनोग्राफी आणि ३.४ सेंमी

लेस्टरचा_नाना

मंडळी, बरीच वर्षं मी इथे वाचनमात्र आहे. पाककृतीच्या धाग्यांवर अधूनमधून पोच देतो, तेवढंच. आज पहिल्यांदा स्वतःचा धागा काढतोय. विषय पोटाचाच आहे, पण पाककृती नाही.

इंग्लंडमध्ये पुरुषाला पासष्ट पूर्ण होतात त्या वर्षी सरकारी आरोग्यसेवेकडून एक पत्र येतं. पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीची सोनोग्राफी करून जा, पैसे लागणार नाहीत. २००९ ला ही योजना सुरू झाली आणि २०१३ पर्यंत सगळ्या इंग्लंडभर पोचली. मला ते पत्र फेब्रुवारीत आलं. फ्रीजवर चुंबकाखाली लावलं आणि विसरलो. बीपीची एक गोळी सोडली तर मला कसलाच त्रास नव्हता, ना पोट ना पाठ. शेवटी बायकोनेच फोन करून तारीख घेतली.

उपाशी या वगैरे काही सांगितलं नव्हतं, म्हणून पोहे खाऊन गेलो. जवळच्या दवाखान्यातली एक लहानशी खोली, पडदे ओढलेले, आणि माझ्या धाकटीच्या वयाची टेक्निशियन. शर्ट वर, पट्टा सैल, पोटावर गार जेल. बेंबीच्या वर तिने प्रोब चांगलाच दाबला. माझं पोट जरा सुटलेलं आहे, तिला मेहनत पडली. पडद्यावर करड्या भुरभुरीत एक काळं वर्तुळ दिसत होतं आणि ते दर ठोक्याला किंचित मोठं होत होतं. स्वतःच्या पोटात असं काही उडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. तिने वर्तुळाच्या वरच्या काठावर एक फुली ठेवली, खालच्या काठावर दुसरी. मग प्रोब वळवला, वर्तुळाची नळी झाली, पुन्हा दोन फुल्या. सगळं मिळून दहा मिनिटं.

त्या वाहिनीच्या रुंदीचा आकडा, सेंमीत, तिने तिथल्या तिथे सांगितला. ३.४.

तीनच्या आत असता तर "जा घरी, पुन्हा यायची गरज नाही" म्हणाले असते. ३ ते ४.४ म्हणजे लहान फुगवटा, वर्षातून एकदा सोनोग्राफी. ४.५ ते ५.४ मध्यम, दर तीन महिन्यांनी. ५.५ किंवा वर गेलं की थेट रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे, तेही दोन आठवड्यांच्या आत. म्हणजे मी आता सरकारी यादीतला 'लहान'.

कराडच्या होस्टेलवर चारमिनार, इथे आल्यावर स्वतः वळलेली तंबाखू, अशी पंचवीसेक वर्षं मी ओढली. २००७ च्या जुलैत इथल्या पबमध्ये सिगरेट बंद झाली तेव्हा मीही बंद केली. पण खरी काळजी माझी नाही. माझा थोरला भाऊ तासगावला असतो, वय एकोणसत्तर, बिडी अजून चालू. नर्सने मला स्पष्ट विचारलं, सख्खे भाऊ आहेत का? त्यांनाही तपासायला सांगा. आता तासगावात बसलेल्या माणसाला हे पत्र कोण पाठवणार? तिकडे कुणी अशी तपासणी केली आहे का? काय सांगून करायची?

काळी_मांजर

बापरे नाना, काळजी घ्या. पण मला मुळातून सांगा, हा फुगवटा म्हणजे नेमकं काय? व्हेरिकोज व्हेन्ससारखं काही का?

सोनोवाला

नाना, धागा काढलात हे फार बरं केलंत. (मी मिरजेत रेडिओलॉजिस्ट आहे. इथे कन्सल्टिंग करत नाही, गप्पा मारतो.)

मांजरताई, नाही, व्हेरिकोज वेगळं. त्या पायातल्या नीला. ही हृदयातून निघणारी मुख्य वाहिनी, महाधमनी. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यातून खाली पोटात उतरते, कण्याच्या पुढ्यात, मध्यापासून जराशी डावीकडे, आणि साधारण बेंबीच्या पातळीला दोन पायांसाठी दोन फाटे होतात. पोटात तिची रुंदी असते दोन सेंमीच्या आसपास, अंगठ्याएवढी धरा. तीन किंवा त्याहून जास्त झाली की आम्ही ॲन्युरिझम म्हणतो. बहुतेक वेळा तो मूत्रपिंडांच्या वाहिन्या निघतात त्याच्या खाली असतो.

सायकलचा टायर एका जागी झिजला की आतली ट्यूब तिथून फुग्यासारखी बाहेर डोकावते ना, तसं. पंप तोच, हवाही तेवढीच, पण फुगा जितका मोठा तितका त्या जागच्या रबरावर ताण जास्त. म्हणून तो आणखी फुगतो. सायकलवाल्याला फुगा दिसतो तरी. इथे माणसाला काही दुखत नाही, खुपत नाही. आणि फुटला तर दहातले आठ जण वाचत नाहीत. बरेच जण इस्पितळापर्यंतही पोचत नाहीत. ही सगळी तपासणीची खटपट आहे ती एवढ्यासाठी, कारण मधला टप्पाच नाही.

नानांच्या ३.४ बद्दल: या आकाराला फुटण्याची शक्यता वर्षाला शंभरात एकाहूनही कमी. असे लहान फुगवटे सरासरी वर्षाला दोनेक मिलिमीटर वाढतात, काही अजिबात वाढत नाहीत. विडी-सिगरेट चालू असेल तर वेग जास्त.

शुद्धलेखन_प्रेमी

अवांतर: शाळेत आम्ही रोहिणी आणि नीला शिकलो. मग महारोहिणी का नाही? 'धमनी' हा हिंदीचा प्रभाव आहे का?

सोनोवाला

धमनी जुनाच संस्कृत शब्द आहे, मराठीत दोन्ही चालतात. ओपीडीत मात्र मी "मोठी नस" म्हणतो आणि सगळ्यांना कळतं.

फणसपोळी

वाचून हात थरथरले. माझे बाबा, एकाहत्तर वर्षांचे. रात्री दोनला डाव्या कुशीत कळ, पाठीतून जांघेकडे येणारी. आम्ही रत्नागिरीकडचे, गावाजवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले मुतखडा. लक्षणं खरंच तशीच होती, मी त्यांना दोष देत नाही. इंजेक्शन दिलं, थोडं बरं वाटलं, पहाटे चहाही घेतला. साडेसहाला बाथरूममध्ये कोसळले. मोठ्या गावात नेईपर्यंत पोट फुगून टणक झालं होतं. तिथे सोनोग्राफीत दिसलं, सात सेंमी. मला तो शब्द तेव्हा पहिल्यांदा कळला.

एक अजून सांगते. त्याच्या चार वर्षं आधी प्रोस्टेटसाठी बाबांची पोटाची सोनोग्राफी झाली होती. तो रिपोर्ट मी नंतर काढून पाहिला. प्रोस्टेटचं वजन ग्रॅममध्ये, मूत्रपिंडांची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, सगळं होतं. मोठ्या नसेबद्दल एक ओळ, 'ॲओर्टा अँड आयव्हीसी नॉर्मल', म्हणजे महाधमनी आणि तिच्या शेजारची मोठी नीला ठीक. आकडा नाही. तेव्हा तो खरंच नॉर्मल होता की बघितलाच नव्हता, ते आता कोण सांगणार.

काळी_मांजर

फणसपोळी, काय बोलू. घट्ट मिठी.

सोनोवाला

ताई, फार वाईट झालं. आणि तुम्ही ज्या ओळीवर बोट ठेवलंत ती ओळ माझ्याच रिपोर्टांत हजारदा छापली गेली आहे. संगणकात साचा तयार असतो: लिव्हर, पित्ताशय, स्वादुपिंड, प्लीहा, मूत्रपिंडं, आणि शेवटी ती ओळ. पोटात गॅस असेल तर नस मधल्या भागात दिसतच नाही, आणि साच्यातली ओळ मात्र तशीच राहते. हे मी आमच्याच बिरादरीविरुद्ध लिहितोय, पण खरं आहे.

साठीनंतरच्या पुरुषाला, विशेषतः विडी-सिगरेट ओढणाऱ्याला, आयुष्यात पहिल्यांदा 'मुतखड्या'ची कळ येते तेव्हा मोठी नस आधी बघायची, हे आम्हाला शिकवलेलं असतं. रात्री दोन वाजता, मशीन नसलेल्या दवाखान्यात ते कसं बघायचं, हे कोणी शिकवत नाही.

नाना, तुमच्या भावाला काय सांगायचं त्याचं उत्तर यातच आलं. पोटाची साधी सोनोग्राफी जवळपासच्या गावात कुठेतरी होतेच. फक्त आत गेल्यावर सांगायचं: "माझ्या सख्ख्या भावाला महाधमनीचा फुगवटा निघालाय. माझी नस मोजा आणि आकडा रिपोर्टात लिहा." सकाळी उपाशीपोटी गेलेलं बरं, गॅस कमी असतो.

हिशेबनीस

सगळे गोड बोलताहेत, मी मिठाचा खडा टाकतो. फणसपोळी, तुमच्या दुःखाविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितोय.

ब्रिटनमधला मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ६५ ते ७४ वयाचे ६७,८०० पुरुष, निम्म्यांना सोनोग्राफीचं बोलावणं, निम्म्यांना नाही. चार वर्षांत या कारणाने दगावले ते बोलावलेल्यांत ६५ आणि न बोलावलेल्यांत ११३. मथळा झाला '४२ टक्के घट'. पण दोन्ही गट तेहतीस-चौतीस हजारांचे. म्हणजे फरक हजारी दीड माणसाचाही नाही. शिवाय तेव्हा तपासलेल्या शंभरांत पाच जणांना फुगवटा निघत होता. आता इंग्लंडात पासष्टीच्या पुरुषांत तो शंभरात एकाच्या आसपास निघतो, कारण लोकांनी सिगरेट सोडली. मशीनचा पराक्रम नाही तो.

स्वीडनमध्ये २००६ पासून टप्प्याटप्प्याने देशभर हीच तपासणी सुरू झाली. तिथल्या आकड्यांवर २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लेख आला. त्यांचा हिशेब असा, की दहा हजार पुरुष तपासले तर सहा वर्षांनी दोन मृत्यू टळतात, आणि ४९ जणांना असा फुगवटा सापडतो जो त्यांना कधीच त्रास देणार नव्हता. ते ४९ जण पुढे काय करतात? दरवर्षी नाना करतील तेच. तारीख आली की आठवडाभर झोप उडवून घेतात. नाना, खरं सांगा, ३.४ कळल्यापासून पोटावर हात ठेवून किती वेळा झोपलात?

लेस्टरचा_नाना

रोज. दोष मशीनला देत नाही, पण रोज.

सोनोवाला

हिशेबनीस, आकडे बरोबर दिलेत आणि ते द्यायलाच हवेत. पुरवणी जोडतो. त्या ६७,८०० लोकांचा तेरा वर्षं पाठपुरावा झाला आणि फायदा टिकला. चार वर्षांवरच हिशेब बंद केला तर या तपासणीवर अन्याय होतो, कारण आज ३.४ असलेला फुगवटा धोक्याच्या आकाराला पोचायलाच दहा वर्षं घेतो. स्वीडनच्या सहा वर्षांच्या हिशेबाबद्दल माझं म्हणणं तेच आहे.

सापडला म्हणजे कापला असं होऊ नये म्हणून तर ५.५ ची रेघ आहे. ४ ते ५.५ सेंमीच्या १०९० रुग्णांवर ब्रिटनमध्येच प्रयोग झाला, १९९८ मध्ये निष्कर्ष आले. निम्म्यांचं लगेच ऑपरेशन, निम्म्यांवर फक्त नजर. जगण्यात फरक पडला नाही. अमेरिकेतल्या तशाच प्रयोगातूनही २००२ मध्ये तेच निघालं. म्हणजे लहान असताना घाई करून हाती काही लागत नाही. उद्या कोणी ४.२ ला "चला, स्टेंट टाकू" म्हणाला तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या, एवढं मी उघड लिहितो.

झोप उडते ते मात्र खरं. त्यावर माझ्याकडे औषध नाही.

रंकाळा

डॉक्टर, एक शंका. आमच्या चुलत्यांचा मार्चमधला सोनोग्राफीचा आकडा ३.८ आणि मे महिन्यातला सीटीचा ४.२. दोन महिन्यांत चार मिलिमीटर! घरात रडारड. काका तर इच्छापत्राच्या वकिलापर्यंत पोचले.

सोनोवाला

वकिलाला चहा पाजून परत पाठवा. भिंतीला जाडी असते. फुली आतल्या काठावर ठेवली की एक आकडा, बाहेरच्या काठावर ठेवली की तीन ते पाच मिलिमीटरने मोठा आकडा. इंग्लंडच्या योजनेत आतून आत मोजतात, स्वीडनमध्ये तिसरीच पद्धत, आणि सीटीत बहुधा बाहेरून बाहेर. शिवाय नस वाकडी असेल आणि काप तिरका गेला तर वर्तुळाचं अंडं होतं. अंड्याची लांब बाजू मोजली की रुग्ण घाबरलाच. काकडी तिरकी कापल्यावर चकती मोठी दिसते, पण काकडी तेवढीच असते.

म्हणून पुढची तपासणी शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने. पोर्टेबल मशीन असो की मोठं, रेडिएशन नाही, सुई नाही, रंगद्रव्य नाही. नुसत्या चाळणीसाठी सीटी करायची काहीच गरज नसते. सीटी अँजिओ (रंगद्रव्य देऊन केलेला रक्तवाहिन्यांचा सीटी) लागतो तो ऑपरेशनचा आराखडा करताना, मूत्रपिंडांच्या वाहिन्यांपासून फुगवटा किती खाली सुरू होतो वगैरे बघायला. आणि त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांसाठीची रक्ततपासणी, बघतात.

मृदुला_नागपूर

नाना, तुमच्या पत्नीला पत्र का नाही? पुन्हा सगळं पुरुषांसाठीच का?

लेस्टरचा_नाना

घरात हा प्रश्न तुमच्या आधीच विचारला गेलाय. टेक्निशियनलाच विचारला. ती हसून म्हणाली, बायकांना बोलावत नाहीत. घरी येईपर्यंत मला ऐकून घ्यावं लागलं.

सोनोवाला

मृदुलाताई, बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या मानाने कितीतरी कमी. इंग्लंडात चिचेस्टरला झालेल्या जुन्या अभ्यासात स्त्रियाही होत्या, तिथे त्यांना फायदा दिसला नाही. पण गोष्ट तिथे संपत नाही. बाईला फुगवटा झालाच तर तो पुरुषापेक्षा लहान आकाराला फुटतो. म्हणून युरोपातले सर्जन स्त्रियांसाठी ५.५ ऐवजी ५ च्या आसपास ऑपरेशनचा विचार करतात. ज्या बाईने सिगरेट ओढली आहे किंवा जिच्या वडिलांना-भावाला हा त्रास होता, तिने सांगून मोजून घ्यावं असं माझं मत. फणसपोळी, हे तुम्हाला आणि तुमच्या भावंडांनाही लागू आहे. आज लगेच नव्हे, पण पन्नाशी-साठीला विसरू नका.

प्रिन्स्टनकर

अमेरिकेतली पद्धत सांगतो. इथे सरसकट बोलावणं नाही. ६५ ते ७५ वयाचा पुरुष आणि आयुष्यात किमान १०० सिगरेटी ओढलेल्या असतील, तर एकदा सोनोग्राफी करा अशी शिफारस आहे. शंभर म्हणजे पाच पाकिटं! इंजिनिअरिंगच्या एका सबमिशनच्या आठवड्यात आम्ही तेवढी संपवायचो. कधीच न ओढलेल्या पुरुषांनी डॉक्टरशी बोलून ठरवायचं. २००७ पासून मेडिकेअर (इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) याचे पैसे देतं, डॉक्टरची चिठ्ठी मात्र लागते. मी गेल्या वर्षी करून घेतली, २.१.

आणि आमच्या गावचा दाखला द्यायचा मोह आवरत नाही. आइनस्टाइन याच आजाराने गेले. १९४८ मध्ये रुडॉल्फ निस्सेन या सर्जनने त्यांचं पोट उघडलं. तेव्हा नस बदलायची सोयच नव्हती (ती पॅरिसमध्ये चार्ल्स ड्युबोस्टनी पहिल्यांदा केली १९५१ मध्ये), म्हणून निस्सेननी फुगवट्याला सेलोफेन गुंडाळलं. हो, तोच चकचकीत कागद. त्याने भोवती व्रण तयार होतो आणि भिंत धरून ठेवते, असा हिशेब. त्यावर आइनस्टाइन सहा वर्षांहून जास्त जगले. १९५५ च्या एप्रिलमध्ये तो फुटला, तेव्हा ऑपरेशनला त्यांनी नकार दिला. १८ एप्रिलला इथल्याच इस्पितळात गेले. शहात्तर वय.

काळी_मांजर

सेलोफेन! मिठाईच्या बॉक्सवरचं?! वाचनखूण साठवली.

आजोबा_७२

मी बारीक आहे, पंचेचाळीस किलो. उताणा झोपलो की बेंबीच्या वर उडताना डोळ्यांनी दिसतं. लहानपणी आई अंगठा दाबून बघायची, ठोका बेंबीवर नाही लागला तर "बेंबी सरकली" म्हणायची आणि तेल लावून पोट चोळायची. आता हे वाचून भीती वाटायला लागली. सरकली आहे की फुगली आहे?

सोनोवाला

आजोबा, तुमच्या आईच्या अंगठ्याखाली जे लागायचं ती हीच मोठी नस. बारीक माणसात ती दिसते, लागते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पोटाचा घेर मोठा असेल तर सहा सेंमीचा फुगवटाही हाताला लागत नाही, आणि तुमच्यासारख्यात दोन सेंमीची सरळ नसही उडताना दिसते. म्हणून हाताच्या तपासणीवर फार विसंबता येत नाही. फुगवटा असेल तर दोन्ही बाजूंना ठेवलेली बोटं ठोक्यासरशी एकमेकांपासून लांब ढकलली जातात. नुसती वर उचलली जात असतील तर बहुधा नस सरळ आहे. पण हा प्रयोग घरी करत बसू नका. एकदा मोजून घ्या आणि तोवर कोणाला पोट चोळू देऊ नका.

सिगरेट? मधुमेह?

आजोबा_७२

सिगरेट कधीच नाही. मधुमेह वीस वर्षं.

सोनोवाला

मग एक गंमत ऐका. मधुमेह असलेल्यांत हा फुगवटा कमी आढळतो आणि झाला तरी हळू वाढतो. जगातल्या सगळ्या आजारांना मधुमेह आमंत्रण देतो, हा एकच अपवाद मला माहीत आहे. (म्हणून जिलबी खाऊ नका.)

रंकाळा

डॉक्टर, आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दोनशे सभासद आहेत. एक रविवार ठरवू, तुम्ही ते लॅपटॉपएवढं मशीन घेऊन या, हॉलमध्ये पडदा लावू, सगळ्यांच्या नसा मोजून टाकू. नाश्त्याला मिसळ आमच्याकडून.

सोनोवाला

मिसळीला नाही म्हणवत नाही, पण मशीन आणलं तर मी आत जाईन. लिंगनिदानाच्या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी मशीन एका पत्त्यावर नोंदलेलं असतं. २०१२ मध्ये पोर्टेबल मशीनचे नियम आणखी आवळले. नोंदणीच्या जागेबाहेर ते फक्त ठरावीक सेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येतं. गाडीच्या डिकीत घालून हॉलमध्ये नेलं की गुन्हा. मुली वाचाव्यात म्हणून केलेला कायदा आहे, आणि आपल्या राज्यात तो का लागला हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे माझी तक्रार नाही. नाना तिकडे जे 'गल्लीतल्या दवाखान्यात टेक्निशियनने दहा मिनिटांत' म्हणतात, ते इकडे तसंच्या तसं उचलता येणार नाही, एवढंच. मशीन माणसांकडे नेता येत नाही, माणसं मशीनकडे आणा.

आणि दोनशेच्या दोनशे नकोतच. नानांच्याच लेस्टरमध्ये आशियाई आणि गोऱ्या पुरुषांची तुलना झाली होती, आशियाई पुरुषांत फुगवटा कितीतरी कमी निघाला. म्हणजे सरसकट चाळणी लावली तर हिशेबनीसांच्या तराजूत फायद्याचं पारडं आपल्याकडे आणखीच हलकं होईल. तुमच्या दोनशेतून पासष्टीपुढचे, विडी-सिगरेट ओढणारे किंवा ओढलेले, आणि घरात कोणाला हा त्रास झालेला, एवढे वेगळे काढा. पंचवीस-तीस निघतील. त्यातल्या निम्म्यांची प्रोस्टेटसाठी नाहीतर खड्यासाठी सोनोग्राफी होणारच असते. तेव्हाच नस मोजून घ्या, वेगळा खर्चही नाही. बाकीच्यांसाठी त्या रविवारी बीपी तपासा, जास्त कामाचं ठरेल.

हिशेबनीस

या प्रतिसादाला माझं अनुमोदन. नोंद घ्यावी.

मध्यमवर्गीय

माझ्या सासऱ्यांना पुण्यात पाच वर्षांपूर्वी ५.८ ला स्टेंट ग्राफ्ट (नसेच्या आत बसवायची कृत्रिम नळी) टाकला. जांघेतून आत नेतात, पोट उघडत नाहीत. चौथ्या दिवशी घरी, आठव्या दिवशी कट्ट्यावर. आम्हाला वाटलं सुटलो. पण दरवर्षी पुन्हा तपासणी चालूच आहे, कारण ग्राफ्टच्या कडेने रक्त मागे झिरपू शकतं. हे आम्हाला आधी कोणी नीट सांगितलं नव्हतं, की सांगितलं आणि आमच्या कानात शिरलं नाही, देव जाणे.

सोनोवाला

बहुतेक दुसरं. ऑपरेशनच्या आधी माणूस फक्त "वाचतील ना?" एवढंच ऐकतो. ब्युनोस आयर्समध्ये हुआन परोडींनी १९९० मध्ये ही जांघेतली वाट धरली, तेव्हापासून ती पसरली. ब्रिटनमध्ये दोन्ही पद्धतींची तुलना झाली, तीत पहिल्या तीस दिवसांत पोट उघडलेल्यांपैकी शंभरी ४.७ दगावले आणि जांघेतून केलेल्यांपैकी १.७. पण काही वर्षांत तो फायदा पुसला जातो, आणि ग्राफ्टवाल्यांना नजर आयुष्यभर ठेवावी लागते. तब्येत ठणठणीत असलेल्या साठीच्या माणसाला म्हणून अजूनही पोट उघडायचा पर्याय समोर ठेवतात.

जाता जाता: फुगवटा असलेल्यांनी सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नयेत. अमेरिकेच्या औषध खात्याने २०१८ च्या डिसेंबरात यावर इशारा दिला आहे. जुलाब झाले की आपल्याकडे याच गोळ्या हातात पडतात.

लेस्टरचा_नाना

हे माहीत नव्हतं, गेल्याच उन्हाळ्यात तासगावला पाच दिवस घेतल्या होत्या! इथे जीपीने (फॅमिली डॉक्टरने) स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी चालू केली, बीपीची गोळी वाढवली. गाडीचंही विचारून घेतलं. ६ सेंमी झाली की वाहन परवाना खात्याला कळवायचं आणि ६.५ ला गाडी बंद. तोवर चालवा म्हणाले.

दादाला फोन केला. पहिलं वाक्य, "मला काय झालंय?" दुसरं, "तू तिकडं बसून मला आजार लावू नकोस." पण वहिनी ऐकत होत्या. बघू.

लेस्टरचा_नाना

(तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय.)

दादा तपासणीला गेला! वहिनी आणि पुतण्याने धरून सांगलीला नेला. लघवी तुंबवून बसायला सांगितलं होतं, समोर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी, आजूबाजूला सगळ्या पोटुशी पोरी आणि त्यांच्यात हा एकटा म्हातारा. एक तास बसला. आत गेल्यावर सगळं सांगायचं विसरला. रिपोर्ट हातात आला, शेवटून दुसरी ओळ: 'ॲओर्टा नॉर्मल इन कॅलिबर'. आकडा नाही!

पुतण्याने मला फोटो पाठवला, मी त्याला या धाग्यातला फणसपोळींचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो पुन्हा आत गेला. डॉक्टर भले निघाले, कुरकुर न करता दादाला परत टेबलावर घेतलं, दोन मिनिटं दाबून बघितलं आणि पेनने रिपोर्टावर लिहून दिलं, १.९ सेंमी.

फणसपोळी, त्या दोन मिनिटांसाठी तुमचे आभार मानायचे राहिले होते.

आता हिशेबनीस, तुम्ही हसणार. त्याच सोनोग्राफीत दादाच्या पित्ताशयात नऊ मिलिमीटरचा एक खडा निघाला. दुखत काही नाही. दादा म्हणतो, "तुझ्या पत्रापायी माझ्या पोटात दगड निघाला." गल्लीतल्या तिघांनी त्याला तीन काढे सांगितलेत आणि एकाने ऑपरेशन.

हिशेबनीस

हसत नाही. पण हेच म्हणत होतो.

सोनोवाला

दुखत नसेल तर त्या खड्याला तसाच राहू द्या. उजव्या बरगडीखाली कळ, ताप किंवा कावीळ झाली तर मात्र ताबडतोब दाखवा. काढे नकोत. बिडीबद्दल काय म्हणाले?

लेस्टरचा_नाना

"१.९ आली ना? मग?" असं म्हणाले आणि पेटवली.

माझी पुढची तारीख पुढच्या मार्चमध्ये. पत्र पुन्हा फ्रीजवर आहे, यावेळी बायकोने लावलंय.